घरातली स्मार्ट उपकरणं ताब्यात घ्यायचा खटाटोप: प्रकल्प नोंदी

१२ एप्रिल २०२५, शनिवार

सुरुवात केली एकदाची. निमित्त मार्चअखेरच्या बातमीचं, २८ मार्चपासून ॲमेझॉनने एको या त्यांच्या बोलक्या स्पीकरवरचा 'रेकॉर्डिंग क्लाउडला पाठवू नका' हा ऑप्शनच काढून टाकला. तो मुळात मोजक्या मॉडेलवर आणि फक्त अमेरिकेत इंग्रजी वापरणाऱ्यांसाठी होता, म्हणजे आपल्याला तो कधी मिळालेलाच नव्हता, पण कंपनीच्या मनात आलं की सेटिंग गायब होऊ शकतं हे डोक्यात बसलं ते बसलं.

आज फक्त यादी. राउटरच्या पेजवर कोण कोण जोडलंय ते बघितलं, अर्ध्या उपकरणांची नावं 'ईएसपी' आणि पुढे काहीतरी आकडे अक्षरं अशी. मॅक ॲड्रेसच्या (प्रत्येक उपकरणाचा नेटवर्कवरचा ओळख क्रमांक) पहिल्या तीन जोड्यांवरून चिपची कंपनी कळते पण उपकरण कोणतं ते नाही, मग एकेक बल्ब आणि प्लग काढून कोण यादीतून जातंय ते बघत बसले. बल्ब, प्लग, दोन स्पीकर, टीव्ही, कॅमेरा, झाडू मारणारा रोबो, दाराचं कुलूप, आणि एक प्लग जो कपाटामागे अजून चालू होता आणि त्याला काहीही लावलेलं नव्हतं. दादाने कधीतरी लावला असणार.

काय हवंय ते लिहून ठेवते म्हणजे नंतर भरकटायला नको: आवाजाने दिवे लागणं मला सोडायचं नाहीये. आईच्या गुडघ्यांमुळे ती सोय आता चैन राहिलेली नाही. फक्त घरातल्या दिव्याचा निर्णय घरातच व्हावा आणि बंद करायचं बटण घरच्यांच्या हातात असावं, एवढंच.

१३ एप्रिल, रविवार

साधी टेस्ट. राउटरला येणारी इंटरनेटची वायर काढली, वायफाय तसंच चालू ठेवलं, आणि घरभर फिरून काय चालतंय ते बघितलं.

वायफाय बल्ब: ॲप उघडतच नाही. फोन आणि बल्ब एकाच खोलीत, एकाच राउटरवर, तरी हुकूम आधी कुठल्यातरी लांबच्या सर्व्हरला जाणार आणि तिथून फिरून बल्बकडे येणार, हा द्राविडी प्राणायाम माहीत होता पण डोळ्यांनी बघितल्यावर जास्त चीड आली. झिगबीवाले दिवे (वायफायऐवजी झिगबी या वेगळ्या रेडिओने एका मधल्या डब्याला, म्हणजे हबला जोडलेले) मस्त चालू, बटणाने पण आणि हबच्या ॲपने पण. स्पीकर दोन्ही ठप्प, नुसतं 'कनेक्शन नाही' म्हणतायत, साधा टायमर पण नाही. कुलूप चावीने आणि कीपॅडवर चालतं, चांगलंय. कॅमेऱ्याचं मेमरी कार्डवर रेकॉर्डिंग चालू पण बघायला ॲप लागतं आणि ॲपला नेट लागतं.

आई मधेच आतून ओरडली, "अगं, हा बाई बोलत का नाहीये आज?" स्पीकरला ती 'हा बाई' म्हणते, लिंग अजून ठरलेलं नाही.

ही टेस्ट काही मनाचे खेळ नाहीत. २०२२ च्या एप्रिलमध्ये इन्स्टिऑन नावाच्या कंपनीचे सर्व्हर काही न सांगता बंद पडले आणि लोकांचे हब एका झटक्यात मुके झाले. त्याआधी २०१६ मध्ये नेस्ट कंपनीने रिव्हॉल्व्ह हब बंद केला तेव्हा तर पूर्ण पैसे मोजून घेतलेला डबा निरुपयोगी झाला. हॅकर वगैरे लांबच राहिला, कंपनीने दुकान बंद केलं तरी दिवा लागत नाही, आणि सुरक्षेबद्दल बोलताना हे कोणी धरतच नाही.

तर नियम ठरला: नेट काढल्यावर जे चालतं ते राहणार, जे चालत नाही त्याला एकतर लोकल (घरातल्या घरात चालणारं) करायचं नाहीतर ते का हवंय याचं मला पटेल असं कारण मिळायला हवं.

१९ एप्रिल, शनिवार

आज कॅमेरा. एनमॅपने (कुठले पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरचे दरवाजे, उघडे आहेत ते दाखवणारं साधन) स्कॅन केला तर ५५४ पोर्ट उघडा (व्हिडिओ स्ट्रीमचा, तो ठीक आहे) आणि २३ पण उघडा. २३ म्हणजे टेलनेट, लांबून उपकरणात शिरून हुकूम द्यायचा जुना, असुरक्षित मार्ग!! घरातल्या कॅमेऱ्यात टेलनेट कशाला हवाय? त्याचा उल्लेख मॅन्युअलमध्ये नाही, ॲपमध्ये नाही, बंद करायची सोय नाही.

दादाला दाखवलं तर म्हणतो, "आपला कॅमेरा कोण बघणारे, आपल्याकडे आहे काय बघण्यासारखं?" हे सगळेच म्हणतात. पण २०१६ मध्ये मिराय नावाचा मालवेअर पसरला त्याला कोणाच्या घरात काय आहे यात काडीचा रस नव्हता. त्याच्यात कंपन्यांनी टाकलेल्या डिफॉल्ट युजरनेम-पासवर्डच्या साठेक जोड्यांची यादी होती, तो इंटरनेटवर टेलनेट उघडा दिसला की त्या जोड्या ट्राय करायचा आणि लागली की कॅमेरा किंवा राउटर त्याच्या फौजेत. २१ ऑक्टोबर २०१६ ला अशाच उपकरणांनी डिन या डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा) कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट, स्पॉटिफाय वगैरे कितीतरी साइट्स अनेकांना तासन्‌तास उघडत नव्हत्या. कॅमेऱ्याचा मालक निवांत, त्याचा कॅमेरा नेहमीसारखाच चालू. मिराय मेमरीतच राहायचा, रीस्टार्ट केलं की जायचा, पण पासवर्ड तोच ठेवला तर थोड्याच वेळात परत.

यावरून नंतर कायदे झाले. कॅलिफोर्नियात २०२० पासून, ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्या नगांना एकच डिफॉल्ट पासवर्ड देणं बंद, शिवाय ब्रिटनच्या कायद्यात सिक्युरिटी अपडेट किमान किती काळ मिळणार ते कंपनीने सांगायला लागतं. हे दुसरं मला जास्त कामाचं वाटतं. पासवर्ड मी बदलू शकते, फर्मवेअरमधलं (उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर) भोक मी बुजवू शकत नाही.

केलेली कामं: राउटरवरचं यूपीएनपी बंद (यामुळे उपकरणं स्वतःच बाहेरून येणारा दरवाजा उघडून घेऊ शकतात, हे डिफॉल्ट चालू का असतं देव जाणे), कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलला, पण टेलनेट तसाच आहे म्हणून कॅमेऱ्याचं इंटरनेट पूर्ण बंद. स्ट्रीम घरातल्या घरात बघता येतो.

२६ एप्रिल, शनिवार

वेगळं नेटवर्क. फक्त गेस्ट वायफाय वापरून भागेल असं वाटत होतं पण गेस्टवर उपकरणं एकमेकांशी पण बोलू शकत नाहीत, मग लोकल कंट्रोल कसला. म्हणून नीट व्हीलॅन केला, म्हणजे त्याच राउटरवर स्मार्ट उपकरणांसाठी वेगळं पाडलेलं नेटवर्क. नियम थोडक्यात असे: माझ्या फोन-लॅपटॉपकडून स्मार्ट उपकरणांकडे जायला परवानगी, उलट्या दिशेने नवीन कनेक्शन नाही, विचारल्याचं उत्तर फक्त देऊ शकतात, आणि इंटरनेट सगळ्यांना बंद, ज्याला लागेल त्याला एकेक करून उघडायचं.

नियम लिहायला फार वेळ नाही लागला, त्यानंतर जे झालं त्यात सगळा वीकेंड गेला.

पहिलं म्हणजे फोनवरून टीव्हीला व्हिडिओ टाकता येईना. फोनला टीव्ही सापडतो तो एमडीएनएसने, म्हणजे फोन २२४.०.०.२५१ या पत्त्यावर 'कोणी आहे का' असं ओरडतो आणि टीव्ही ओ देतो, पण ही हाक एका नेटवर्कच्या भिंतीपलीकडे जातच नाही, तसंच डिझाईन आहे ते. राउटरवर अवाही या सॉफ्टवेअरचा रिफ्लेक्टर चालू केला, तो इकडची हाक तिकडे पोचवतो. त्यानंतर टीव्ही सापडला.

दुसरं जास्त मजेशीर. संध्याकाळी सात वाजता लागणारा बाल्कनीचा दिवा भलत्याच वेळी लागायला लागला. बराच वेळ शोधल्यावर कळलं की प्लगचं इंटरनेट बंद म्हणजे एनटीपी (नेटवरून घड्याळ जुळवायची सोय) पण बंद, म्हणजे वीज जाऊन आली की त्याला किती वाजले हेच माहीत नाही, त्याच्या लेखी १ जानेवारी १९७० चालू आहे. राउटरवरच एनटीपी सर्व्हर चालू केला आणि १२३ पोर्टवर जाणारं सगळं तिकडे वळवलं. आता बिचाऱ्याला सालही कळतं.

तिसरं टीव्ही. मी डीएनएस माझा दिलाय तरी हा ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या डीएनएसलाच विचारायला जातो, आतच लिहून ठेवलंय. ५३ पोर्ट पण वळवला. मग लॉग बघत बसले, टीव्ही बंद आहे, स्क्रीन काळी, आई झोपली, आणि हा दर थोड्या वेळाने कुठल्या कुठल्या जाहिरात आणि 'मेट्रिक्स' नावाच्या डोमेनची चौकशी करतोय. आत काय पाठवत होता ते एन्क्रिप्टेड असल्याने कळायला मार्ग नाही. पण नुसत्या हाका बघूनही पुष्कळ कळतं, घरात सगळ्यात जास्त बोलणारं उपकरण स्पीकर नाही, टीव्ही आहे. मायक्रोफोनच्या भीतीपायी आपण स्पीकरकडे बघत बसतो आणि इकडे हा.

३ मे, शनिवार

छोटी नोंद. झिगबीचा नवीन यूएसबी डोंगल (झिगबी उपकरणांशी बोलणारी छोटी पट्टी) लावला, हब बाद. सिग्नल वाईट येत होता. दोन कारणं असतात आणि दोन्ही लागू होती: झिगबी पण २.४ गिगाहर्ट्‌झवर, वायफायच्या अंगावर येतो, म्हणून वायफाय चॅनल १ ठेवून झिगबी २५ वर नेला. आणि यूएसबी ३ च्या पोर्टमधूनच २.४ च्या पट्ट्यात कचरा सांडतो, म्हणून डोंगल एक्स्टेन्शन वायरने लांब ठेवला. बाथरूममधला सेन्सर जो रोज गायब व्हायचा तो शांत बसला.

चॅनल बदलल्यावर काही बल्ब परत जोडायला लागले, चालू-बंद चालू-बंद करत स्टुलावर उभं राहून. यावर जास्त लिहायची इच्छा नाही.

४ मे, रविवार

आता मुख्य विषय, आवाज.

आईला घेऊन बसले आणि स्पीकरच्या अकाउंटमधली व्हॉइस हिस्टरी उघडली. तिला माहीतच नव्हतं असं काही असतं. बरंचसं अपेक्षित, टायमर लाव, गाणं लाव, पाऊस पडणार का. पण मधेमधे असे तुकडे ज्यात कोणी हाक मारलेलीच नाही. एकात मालिकेतल्या सासूचा संवाद. एकात मी फोनवर ऑफिसबद्दल तणतणतेय, सात-आठ सेकंद, आणि त्याखाली 'ऑडिओ या उपकरणासाठी नव्हता' असा शेरा. म्हणजे कळलं त्याला की आपल्यासाठी नव्हतं, पण कळलं कधी, तर वर सर्व्हरला पोचल्यावर. आई एवढंच म्हणाली, "मग मी परवा मावशीशी बोलले ते पण आहे का यात?" नव्हतं. पण ती आता त्या खोलीत मावशीला फोन करत नाही.

हे कसं होतं ते तिला सांगितलं ते इथे पण लिहिते. स्पीकर सतत ऐकतो हे खरं, पण सतत पाठवत नाही. उपकरणातच एक छोटं मॉडेल असतं ते फक्त हाकेचा शब्द शोधतं, शेवटचे काही सेकंद मेमरीत फिरते ठेवतं, शब्द सापडलासा वाटला की तिथून पुढचं वर. 'सापडलासा' मध्ये सगळी गोम. २०२० मध्ये नॉर्थईस्टर्न युनिव्हर्सिटी आणि इंपीरियल कॉलेज लंडनच्या लोकांनी स्पीकरना तासन्‌तास टीव्ही मालिका ऐकवल्या, तर दिवसाला दीड ते एकोणीस वेळा चुकून जागे झाले. त्याच वर्षी जर्मनीत बोखुमच्या रुर युनिव्हर्सिटीने हजारावर शब्दसमूह गोळा केले ज्यांनी भलताच असिस्टंट जागा होतो, 'इलेक्शन' म्हटलं की ॲमेझॉनची अलेक्सा उठते वगैरे.

आणि वर गेलेलं कोण ऐकतं? २०१९ मध्ये एकापाठोपाठ बातम्या आल्या की ॲमेझॉन, गूगल, ॲपल तिघांकडेही काही क्लिप माणसं ऐकून तपासतात, मॉडेल सुधारायला. ॲपलने त्यानंतर तुम्ही स्वतः हो म्हटलं तरच असं केलं. २०२३ मध्ये लहान मुलांची अलेक्सा रेकॉर्डिंग जपून ठेवल्याबद्दल अमेरिकेच्या एफटीसी या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने ॲमेझॉनकडून २५ दशलक्ष डॉलरचा दंड ठरवून घेतला, पालकांनी डिलीट करा सांगूनही डेटा पूर्ण जात नव्हता असं त्यांचं म्हणणं.

'हे आपलं चोरून ऐकतात आणि जाहिराती दाखवतात' या व्हॉट्सॲप छापाच्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण चुकून जागं होणं, ते साठणं, आणि अकाउंट ज्याच्या नावावर त्याला ते सगळं ऐकता येणं, हे तिन्ही रोजचं आहे आणि त्याला कटकारस्थान लागत नाही.

११ मे, रविवार

लोकल आवाज. होम असिस्टंट जुन्या लॅपटॉपवर आधीच चालू आहे (२०१३ मध्ये पाउलस स्खाउटसन यांनी सुरू केलेला, स्मार्ट उपकरणं घरातूनच चालवणारा ओपन सोर्स प्रकल्प, २०२३ हे वर्ष त्यांनी आवाजासाठीच वाहिलं होतं). हाकेसाठी ओपनवेकवर्ड, बोलणं लिहून घ्यायला व्हिस्पर, मायक्रोफोन म्हणून छोटं ईएसपी३२ चिपवालं यंत्र.

व्हिस्परचं सगळ्यात लहान मॉडेल ३९ दशलक्ष पॅरामीटरचं, ते पटकन उत्तर देतं पण मराठीत काय लिहील याचा नेम नाही. 'स्मॉल' म्हणजे २४४ दशलक्ष, ते बरंच बरं, पण लॅपटॉप धापा टाकतो. विचित्र म्हणजे दोन सेकंदांच्या वाक्याला पण तेवढाच वेळ, कारण व्हिस्पर प्रत्येक आवाज ३० सेकंदांचा करून घेतो, उरलेल्या जागेत शांतता भरतो. भाषा 'आपोआप ओळख' वर ठेवली तर छोट्या वाक्यांना हिंदी समजून मोकळा होतो, म्हणून भाषा मराठीच ठोकून दिली.

मग वाक्यं. इथे मला खरी मजा आली. मोठं एआय वगैरे काही लावलं नाही, फक्त वाक्यांचे साचे, असे:

[हॉलचा] (लाईट|दिवा) (लाव|चालू कर|पेटव)

चौकोनी कंसातलं म्हटलं नाही तरी चालतं, गोल कंसातलं कुठलंही एक. बाबा 'लाईट घालव' म्हणतात, दादा 'लाईट ऑफ कर', आई थेट 'अंधार कर गं' म्हणते, तर तेही टाकलं. व्हिस्पर 'लाईट' कधी 'लाइट' लिहितो कधी 'लाईट', दोन्ही टाकले. असिस्टंटने आमच्या घराची बोली शिकायची की आम्ही त्याची, तर त्याने. कंपनीच्या स्पीकरशी बोलताना आई ठराविक पद्धतीने, हळू, परक्याशी बोलल्यासारखं बोलायची, इथे नाही बोलत.

उलट बोलायला लावलं नाही, नुसता बीप. कमी बोललेलं बरं.

काय गेलं ते पण लिहायला पाहिजे. गाणी गेली, म्हणजे आवाजाने कुठलंही गाणं मागायची सोय गेली. 'पाऊस पडणार का' ला अजून नीट उत्तर नाही. आणि उत्तर यायला दोन-तीन सेकंद लागतात, कंपनीवाला स्पीकर क्षणात द्यायचा. बाबांना तो उशीर अजिबात सहन होत नाही, ते उठून बटण दाबतात, जे खरं तर सगळ्यात सुरक्षित इंटरफेस आहे. गाण्यांसाठी एक जुना स्पीकर हॉलमध्ये ठेवलाय, वेगळ्या नेटवर्कवर, आणि नको तेव्हा माइक बंद, लाल दिवा. खोल्यांमध्ये एकही नाही.

१८ मे, रविवार

कुलूप. दादाचा आग्रह की आवाजाने उघडलं पाहिजे, हातात सामान असतं. आज यावर जेवढी चर्चा झाली तेवढी आख्ख्या प्रकल्पात नाही झाली.

माझं म्हणणं: आवाज ही ओळख नाही. जानेवारी २०१७ ची गोष्ट, सॅन डिएगोच्या टीव्हीवर बातमी होती की एका लहान मुलीने अलेक्साला सांगून बाहुलीघर मागवलं, ती बातमी देताना निवेदकाने तेच वाक्य म्हटलं आणि बघणाऱ्यांच्या घरातले एको पण ऑर्डर द्यायला निघाले. त्याच वर्षी चीनच्या झेजियांग युनिव्हर्सिटीने माणसाला ऐकूच येत नाही अशा, २० किलोहर्ट्‌झच्या वरच्या आवाजात हुकूम देऊन दाखवले. २०१९ मध्ये तर मिशिगन युनिव्हर्सिटी आणि टोकियोच्या संशोधकांनी लेझर मारला, प्रकाश कमीजास्त करत, आणि माइकला तो आवाज वाटला, ११० मीटरवरून, खिडकीच्या काचेतून पण. हे वाचल्यावर दादा दोन मिनिटं गप्प.

लेझर घेऊन आमच्या समोर कोणी उभा राहणार नाहीये हे मला पण कळतं. खिडकी उघडी असेल तर बाहेरून मोठ्याने ओरडणं पुरतं, आणि त्याला संशोधक असायला लागत नाही. बोलून पिन सांगायचा तर तो शेजारच्याला पण ऐकू जातो.

ठरलं असं: आवाजाने कुलूप लागेल, उघडणार नाही. उघडायला कीपॅड, फोन किंवा चावी. घरातले सगळे दिवे आवाजावर, कारण चुकून दिवा लागला तर लागला. गिझर आवाजाने बंद होतो, चालू होत नाही. कॅमेरा चालू-बंद आवाजावर नाहीच. चुकलं तर काय बिघडेल एवढं विचारलं की बहुतेक प्रश्न सुटतात, नाही सुटले तर आईला विचारते.

२४ मे, शनिवार

आज होम असिस्टंटची हिस्टरी बघताना जरा चपापले. दाराचा सेन्सर, बाथरूमचा सेन्सर, फोनची वायफायवर हजेरी, सगळं मिळून दादा परवा रात्री किती वाजता आला, किती वाजता त्याच्या खोलीचा दिवा गेला, बाबा रात्री किती वेळा उठले, सगळं एका पडद्यावर, आलेखासकट. क्लाउड गेला, पण आता ही सगळी माहिती माझ्याकडे, आणि मला कोणी विचारलेलं नव्हतं की हे तुझ्याकडे असावं का.

डिफॉल्टमध्ये दहा दिवसांचं साठवतो. ते दोन दिवसांवर आणलं, हजेरी आणि बाथरूमचा सेन्सर साठवण्यातूनच वगळले, ऑटोमेशन त्यांच्याशिवाय पण चालतं कारण त्याला आत्ताची स्थिती लागते, इतिहास नाही. घरातल्या सगळ्यांना वेगळं लॉगिन दिलं. दादाला दाखवलं काय काय दिसत होतं ते. तो म्हणाला, "तू बघत होतीस का?" आणि मी आज बघितलं हे खरंच सांगितलं. त्याच्या खोलीतला सेन्सर त्याने स्वतःच काढून मला आणून दिला. बरोबर आहे त्याचं.

३१ मे, शनिवार

उरलेलं.

इंटरनेट बंद म्हणजे फर्मवेअर अपडेट पण बंद, हा या सगळ्या पद्धतीचा खरा तोटा आणि तो लोक सांगत नाहीत. उपाय म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी अपडेटपुरतं एकेकाला नेट उघडायचं, अपडेट करायचं, परत बंद, आणि अपडेटनंतर १३ एप्रिलची टेस्ट परत करायची कारण अपडेटमध्ये लोकल सोय काढून टाकलेली पण बघितलीये लोकांनी. झिगबीवाल्यांचं अपडेट डोंगलवरूनच होतं, तिथे प्रश्न नाही.

काही वायफाय प्लगमध्ये ईएसपी८२६६ चिप निघाली, त्यांच्यात टास्मोटा हे क्लाउडशिवाय चालणारं ओपन सोर्स फर्मवेअर टाकलं, कंपनीचं सॉफ्टवेअर पूर्ण बाद. बाकीच्यांत दुसरी चिप आहे, ते तसेच, मोडतील तेव्हा बदलू. नवीन घेताना मॅटर किंवा झिगबी एवढंच बघायचं. मॅटर हे वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांसाठीचं सामाईक मानक २०२२ पासून आहे, लोकल कंट्रोल त्याच्या पायातच धरलाय, तरी 'मॅटर' लिहिलं म्हणून सगळे फीचर कंपनीच्या ॲपशिवाय मिळतात असं नाही.

रोबो अडलाय. नेट काढलं की तो बटणाने झाडतो, पण नकाशा आणि 'या खोलीत जाऊ नको' हे सगळं कंपनीच्या सर्व्हरवर. घराचा नकाशा बाहेर ठेवायचा मला नाहीये आणि आईला तो देवघरात गेलेला चालत नाही. सध्या देवघराच्या दारात आडवा पाट टाकलाय आणि रोबोचं नेट बंद. दादा म्हणतो रोबोच्या या मॉडेलसाठी कोणीतरी क्लाउडशिवाय चालणारं सॉफ्टवेअर काढलंय, पण तो उघडून आत वायर जोडायला लागते. पुढच्या शनिवारी उघडू.